नेमोतो-सानचा बांध

माझं काम मी लोकांना असं सांगते: हिवाळ्यात डोंगरावर चढायचं, जमिनीचा प्रत्येक उंचवटा आणि प्रत्येक खड्डा बघायचा आणि ठरवायचं की हा पाण्याने केला, झाड पडून झाला की माणसाने केला. माणसाने केला असेल, तर लढाईसाठी की बटाट्यांसाठी? यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड असतो.

जपानमधले किल्ले म्हटले की लोकांना पांढरे, मजल्यावर मजले चढवलेले दगडी पायाचे किल्ले आठवतात. ते नंतरचे. त्याच्या आधी, पंधराव्या-सोळाव्या शतकात, इथे गावोगावी किल्ले होते आणि ते मातीचे होते. डोंगराचा माथा कापून सपाट करायचा, खणलेली माती कडेला रचून तट करायचा, जिथून माती काढली तिथे आपोआप खंदक होतो. माथ्यावर बालेकिल्ला, खाली एकाखाली एक माच्या. वर लाकडी कुंपण आणि टेहळणीचे मनोरे असायचे, ते केव्हाच कुजून गेले. उरली ती माती, आणि तिच्यावर उगवलेलं जंगल.

एकदा तोक्योच्या ओजिमा भागातल्या आमच्या मराठी मंडळींना हौसेने अशा एका किल्ल्यावर सहलीला नेलं. त्यांत कोथरूडचे एक गृहस्थ होते, सह्याद्रीतले किल्ले पायाखाली घातलेले. धापा टाकत वर आले, बालेकिल्ल्याच्या बरोबर मध्यावर उभे राहिले, पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "वहिनी, किल्ला अजून किती लांब आहे?"

त्यांना हसण्यात अर्थ नाही. पहिल्या दिवशी मीही हेच विचारलं होतं. मी पुण्याची केळकर, शिक्षण भूशास्त्राचं. डॉक्टरेटसाठी इथे आले आणि ती संपल्यावर जमीन मोजणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागले. तिथे जुने अवशेष मोजायचा विभाग होता. विभाग म्हणजे एक टेबल आणि त्यामागे साकाता-सान. 'सान' म्हणजे आपलं 'राव' किंवा 'बाई'. साठीकडे झुकलेले, बारीक अंगाचे, पायात अंगठा वेगळा असलेले रबरी बूट. त्यांनी पहिल्या दिवशी मला खंदकाच्या तळाशी उभं केलं आणि वर जायला सांगितलं. इथली लाल माती ओली झाली की साबणासारखी होते. मी चार वेळा घसरून खाली आले. पाचव्यांदा एका मुळाला धरून वर पोचले तेव्हा ते वरच उभे होते, हातात काठी घेऊन. काठी माझ्या छातीला टेकवून म्हणाले, "मेलात." मग म्हणाले, "आता कळलं ना दगड का लागत नव्हता?"

नकाशा काढायची पद्धत तेव्हा पावलांची होती. पाटीवर कागद, होकायंत्र, पेन्सिल. सपाटीवर माझं पाऊल पासष्ट सेंटिमीटर, चढावर पन्नास. मोजत चालायचं, थांबायचं, काढायचं. उतार दाखवायला उताराच्याच दिशेने बारीक रेघा मारायच्या. जितका तीव्र उतार तितक्या दाट. एका किल्ल्याला पाच-सहा दिवस लागत. काम डिसेंबर ते मार्च, कारण तेव्हा पानं गळलेली असतात आणि साप, अस्वलं, गांधीलमाश्या झोपलेल्या असतात. दुपारी उन्हाची बाजू बघून तटावर बसायचं. साकाता-सानच्या डब्यात रोज भाताचे दोन गोळे, माझ्या डब्यात पोळी आणि लसणीची चटणी. तिसऱ्या हिवाळ्यापासून ते भाताचे गोळे चटणीशी खायला लागले आणि आपण असं काही करत असल्याचं ऑफिसात कोणाला सांगू नका म्हणाले. आता विमानातून लेझर सोडून जमीन मोजतात. झाडं संगणकात पुसली जातात आणि अख्खा डोंगर उघडा होऊन पडद्यावर येतो. उत्तम पद्धत आहे, चुका कमी होतात, माझे गुडघेही खूश आहेत. पण डिसेंबर लागला की मी अजून खिडकीतून बाहेर बघते.

चुका म्हणजे काय, तेही सांगते. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे नसलेला किल्ला दिसणं. एका गावच्या प्रमुखांनी आपल्या पूर्वजांचा किल्ला मोजायला आम्हांला बोलावलं होतं. डोंगरउतारावर आठ-दहा छोट्या गोल सपाट्या, एकाखाली एक. ते प्रत्येक सपाटीवर उभं राहून इथे कोणता सरदार उभा असेल ते सांगत होते. साकाता-साननी बुटाच्या टाचेने माती उकरली. खाली काळा चुरा. कोळशाच्या भट्ट्या होत्या, आणि फार जुन्याही नव्हत्या. प्रमुखांनी तो चुरा हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "म्हणजे किल्ला जाळला असणार." आम्ही जेवून परत आलो.

म्हणून या धंद्यात एक नियम आहे. जागेवर काही सांगायचं नाही. मालकाने विचारलं की म्हणायचं, ऑफिसात जाऊन नीट बघतो आणि कळवतो. हा नियम मी एकदा मोडला. ती गोष्ट आता सांगते.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची आहे. तोक्योशेजारच्या सैतामा प्रांताच्या पश्चिमेला, मैदान संपून डोंगर सुरू होतात तिथलं एक गाव. गावामागच्या टेकडीवर मातीचा किल्ला आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्याची हद्द कुठपर्यंत ते कोणी मोजलं नव्हतं. इथे जुन्या अवशेषांची जबाबदारी शिक्षण मंडळाकडे असते; गावाच्या मंडळाने ते काम आम्हांला दिलं. नकाशा मार्चअखेर द्यायचा होता. आम्ही जी हद्द काढू, तिच्या आतल्या जमिनीत काहीही खणायचं असलं तर आधी कळवावं लागणार, आणि गरज पडली तर आधी उत्खनन होणार.

टेकडीच्या पायथ्याशी नेमोतो-सान राहत होत्या. तेव्हा वय ऐंशीच्या आसपास, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकट्याच. त्यांच्या जमिनीची रचना अशी: पुढे रस्ता, मग भाजीचं शेत, मग छातीएवढ्या उंचीचा लांबलचक मातीचा बांध, आणि बांधामागे त्यांचं जुनं घर आणि एक मोकळी जागा. बांधात एकच फट, हातगाडी जाईल एवढी. मी डिसेंबरात तिथे पोचले तेव्हा त्यांनी मला ओट्यावर बसवलं, चहा दिला, मिठात मुरवलेला मुळा दिला आणि विषय काढला. ओसाकात असलेला मुलगा परत येतोय. बायको आणि मुलगी घेऊन. नात येता एप्रिल सोडून त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये पहिलीत जाणार, त्याच्या आत त्या मोकळ्या जागेत घर बांधायचं. इथे एप्रिल म्हणजे एप्रिल. शाळा, नोकऱ्या, बदल्या सगळं त्या एका तारखेला सुरू होतं. पण घर बांधायचं तर गाडी आत यायला हवी आणि गाडीसाठी बांध फोडायला हवा.

"हा बांध किल्ल्याचा आहे का?" त्यांनी विचारलं.

मी बांधावरून आधीच दोनदा चालले होते. जंगलातले तट ओबडधोबड असतात, झाडांच्या मुळांनी फुगलेले, रानडुकरांनी उकरलेले. हा बांध म्हणजे नुकताच न्हाव्याकडून आल्यासारखा. गवत एकसारखं कापलेलं, कडा सरळ, वर चहाची चार झुडपं. मध्येच त्याला एक काटकोनी वळण होतं, ते मी शेताची जुनी हद्द म्हणून सोडून दिलं. बाहेरच्या अंगाला खंदक नव्हता, भाजी होती. मी पटकन निर्णय घेणारी बाई आहे. घरात याचं कौतुक होतं. शिवाय तासाला एकच बस होती आणि ती दहा मिनिटांत येणार होती.

"शेताचा बांध आहे," मी म्हणाले. "फोडा."

त्यांनी मला जाताना दोन मुळे दिले, एकेक माझ्या हाताएवढा.

फेब्रुवारीत उरलेली मापं घ्यायला परत गेले. आदल्या दिवशी बर्फ पडला होता, सकाळच्या उन्हात बराच वितळला होता. मी सहज टेकडीच्या निम्म्यावरून खाली बघितलं. नेमोतो-सानचं शेत सगळं काळं झालं होतं, फक्त बांधाच्या पायथ्याशी एक पांढरी पट्टी उरली होती. साताठ पावलं रुंद. बांधाची ती बाजू दक्षिणेकडची, म्हणजे सावलीचं कारण नाही. पट्टी बांधाबरोबर सरळ जात होती, बांध वळला तिथे काटकोनात वळत होती आणि परत सरळ होत होती. बुजलेला खंदक वर्षानुवर्षं थोडाथोडा खचतो. डोळ्यांना दिसणार नाही इतकी उथळ घळ राहते आणि बर्फ तिथे जास्त साठतो. आणि तटाला काटकोनी वळण देतात ते चालून येणाऱ्यावर बाजूने बाण मारता यावेत म्हणून. मुळा पिकवणाऱ्याला त्याची गरज नसते.

मी खाली उतरले नाही. तिथेच बसून नकाशावर ते वळण काढलं. मग वरच्या तटालाही तसंच वळण आहे, तितकंच, हे कागदावर दिसलं. हा किल्ल्याचा सगळ्यांत बाहेरचा तट होता. आणि सगळ्यांत चांगला राहिलेलाही. वर्षातून तीन वेळा कोणीतरी त्याचं गवत कापत होतं, बांबू आत शिरू देत नव्हतं, म्हणून तो असा राहिला होता. म्हणूनच मला तो नवा वाटला होता.

ऑफिसात साकाता-साननी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. नकाशा अजून दिलेला नव्हता, त्या शेताकडे दुसरं कोणी बघणार नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. त्यांनी फक्त विचारलं, "सांगायला कोण जाणार?"

"मी."

"मिठाई घेऊन जा. माफी मागायला रिकाम्या हाताने जात नाहीत. फार महागाची नको, त्यांना वाटेल आपलं तोंड बंद करतायत."

मी मिठाईचा डबा दोन्ही हातांनी पुढे केला, वाकले आणि चुकले म्हणून सांगितलं. नेमोतो-साननी डबा घेतला, आत नेऊन नवऱ्याच्या फोटोसमोर ठेवला आणि परत येऊन बसल्या. त्या दिवशी चहा मिळाला नाही.

"तुम्ही म्हणालात शेताचा."

"हो. चुकीचं सांगितलं."

"मुलाला सांगून झालंय. सुनेने पडद्यांचं कापडसुद्धा बघितलंय." पाठोपाठ त्यांनी विचारलं, "तुम्ही हे सांगितलं नसतं, तर कोणाला कळलं असतं?"

"कोणालाच नाही."

"मग?"

मी म्हणाले, मला कळलंय. यापेक्षा बरं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही आणि आजही सुचत नाही. त्या उठल्या, बूट घातले आणि म्हणाल्या, "दाखवा."

माझ्याजवळ माती बघायची पोकळ लोखंडी सळई होती. ती दाबून खाली घालायची, फिरवायची, वर काढली की आतली माती थरांसकट येते. शेताच्या मध्यावर घातली. हातभर काळी माती, मग लाल, म्हणजे मूळ जमीन. मग बांधाच्या पायथ्याशी त्या पट्टीत घातली. काळी. आणखी दाबली, काळीच. सळई मुठीपर्यंत गेली तरी लाल माती आली नाही. नेमोतो-साननी ती काळी माती बोटांत चुरडली.

"इथे गोबो नेहमी लांब येतो," त्या म्हणाल्या. गोबो म्हणजे जमिनीत सरळ खोल जाणारं एक मूळ, इथे त्याची भाजी करतात. "बाकी शेतात खालची कडक माती लागली की वाकडा होतो. इथे सरळ जातो. सासूबाईंनी मला इथे आल्या आल्या सांगितलं होतं, गोबो या पट्टीतच लाव."

माझ्या पावलांना, होकायंत्राला आणि डॉक्टरेटला जे दिसलं नाही, ते त्या घरातल्या बायकांना भाजीवरून माहीत होतं. मी डिसेंबरात काही सांगण्याऐवजी काही विचारलं असतं, तर त्यांनी दुसऱ्या कपाच्या आत मला तो खंदक दाखवला असता.

नकाशात मी बांध घेतला. पुढे जे झालं त्यात कोणीच वाईट वागलं नाही. घर बांधू नका असं कोणी म्हणालं नाही. फक्त बांध फोडायच्या आधी उत्खनन करावं लागेल एवढंच. उत्खननाला माणसं दोन, आणि त्यांच्याकडे आधीची कामं. मग पावसाळा आला. मग कापणीच्या दिवसांत मजूर मिळेनात. एप्रिल गाठणं शक्य नाही हे ऑगस्टमध्येच स्पष्ट झालं. मुलाने ओसाकाच्या बाहेर फ्लॅट घेतला. नात तिथल्या शाळेत गेली. नेमोतो-सान मला एवढंच म्हणाल्या, की सुनेला तसंही इथल्या थंडीची भीती वाटत होती.

उत्खनन झालं पुढच्या फेब्रुवारीत. आडवा चर खणला तेव्हा लाल मातीत कापलेला खंदक निघाला, सुरीने कापल्यासारखा, माझ्या डोक्याच्या वर जाईल इतका खोल. रविवारी गावकऱ्यांना तो दाखवायचा कार्यक्रम झाला. साकाता-सान निवृत्तीनंतर पहिल्यांदाच आले होते, तेच रबरी बूट घालून. शिक्षण मंडळाच्या तरुण अधिकाऱ्याने कर्णा घेऊन माहिती सांगितली, माझा नकाशा मोठा करून लावला होता. लोक येऊन नेमोतो-सानचं अभिनंदन करत होते. त्या वाकून आभार मानत होत्या. गर्दी पांगल्यावर त्या चराच्या कडेला आल्या, खाली बघितलं आणि मला म्हणाल्या, "आजवर हा बांध होता, म्हणून मी कापत होते. आता तुम्ही त्याचा किल्ला केलात. किल्ल्याचं गवत कापायला तुम्ही या. जूनमध्ये."

मला वाटलं, गंमत करतायत. जूनच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसच्या फोनवर त्यांचा फोन आला.

मी मशीन भाड्याने घेऊन गेले होते. त्यांनी ते रस्त्यावरच ठेवायला लावलं, कारण मशीन कडा तासतं आणि मग पाऊस माती घेऊन जातो. विळा दिला. उताराला आडवं उभं राहायचं, खालून वर कापत जायचं, बोटभर खुंट ठेवायचा, आणि बांबूचा कोंब दिसला की कापायचा नाही, मुळापासून खणून काढायचा. दुपारपर्यंत माझा एक चतुर्थांश बांध झाला. त्यांचा अर्धा. आमच्या अहवालात या तटाची लांबी, रुंदी, उंची, मातीचे सात थर, सगळं आहे. तो साडेचारशे वर्षं उभा कसा राहिला, ते त्यात कुठे लिहिलेलं नाही. ते लिहायचं असतं हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. पुढच्या कामांपासून मी घरातल्या बायकांना विचारायला लागले, की इथलं गवत कोण कापतं. त्यावरून तीन ठिकाणी हरवलेले तट सापडले.

तेव्हापासून दरवर्षी जूनमध्ये मी जाते. नवरा आधी एक-दोनदा आला, त्याला पाठदुखी सुरू झाली. मुलगी योकोहामाला नोकरी करते, तिला हे सगळं माझं वय झाल्याचं लक्षण वाटतं. असेलही. मला तिथे बरं वाटतं. ओल्या गवताचा वास येतो, वर टेकडीवर कोकिळेच्या जातीचा एक पक्षी दिवसभर ओरडत असतो, आणि अकरा वाजता चहा येतो. चहा मिळायला परत कधी लागला ते आठवत नाही. दुसऱ्या वर्षी असावा.

या जूनमध्ये नेमोतो-साननी विळा घेतला नाही. त्या बांधावर प्लास्टिकचा क्रेट उलटा घालून बसल्या आणि मी कुठे चुकते ते सांगत राहिल्या. चहाच्या वेळी मुलाचा विषय निघाला. तो रविवारी फोन करतो, नियमाने. गावात माहितीचा फलक लागल्यापासून त्याला किल्ल्याचा फार अभिमान वाटतो, ऑफिसातल्या लोकांना फोटो दाखवतो.

"पूर्वी आधी विचारायचा, तब्येत कशी आहे," त्या म्हणाल्या. "आता आधी विचारतो, किल्ला कसा आहे."

"मग तुम्ही काय सांगता?"

"सांगते, गवत वाढलंय, कापायला ये."

"आणि तो?"

त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणतो, केळकर-सान येतात ना."

मी चहा संपवला. वळणापलीकडची बाजू अजून कापायची राहिली होती. विळा घेतला आणि तिकडे गेले.